डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडलं? आधी किल्ली काढा

गेल्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून कोल्हापूरला लग्नाला निघालो होतो. सातारा मागे टाकल्यावर डिझेल भरायला एका पंपावर थांबलो. स्टिअरिंगवर मी, शेजारी सासरे. पंपावरच्या मुलाने विचारलं, "कितीचं?" मी म्हटलं, "फुल करा." "झिरो बघा ताई." मी झिरो बघितला. झिरोच होता.

मीटर अकरा लिटरवर गेला तेव्हा बाबांनी नाक वर केलं. "अगं, हा वास पेट्रोलचा आहे." बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवलाय, त्यांच्या नाकाला कोण फसवणार! मी खाली उतरेपर्यंत मुलाच्याही लक्षात आलं होतं. नोझल हातात धरून तो तसाच उभा.

मी आमच्या मेकॅनिकला फोन लावला. त्याने माझी हकिगत ऐकूनच घेतली नाही.

"ताई, किल्ली कुठंय?"

"गाडीलाच आहे."

"काढा. पर्समध्ये टाका. आता बोला."

गाडी सुरू केली नव्हती म्हणून टोइंग, टाकी साफ करणं, नवा फिल्टर असं सगळं मिळून साडेसहा हजारांत सुटलो. तीच गाडी सुरू करून दोन-चार किलोमीटर नेली असती, तर हाय प्रेशर पंप, रेल (त्या पंपातून आलेलं इंधन साठवणारी जाड नळी) आणि चारही इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) धरून आकडा लाखाच्या पुढे गेला असता. गॅरेजवाल्याने कागदावर हिशोब मांडूनच दाखवला. साडेसहा हजार की लाखभर, हे पहिल्या पाच मिनिटांतच ठरतं, आणि नेमकी त्याच पाच मिनिटांत आपली बुद्धी जागेवर नसते. म्हणून हे लिहून ठेवतेय. तुम्ही आत्ता पंपावर उभे राहून वाचत असाल तर सरळ पायरी १ वर जा. बाकीचं नंतर.

इंजिनाला एवढा फरक का पडतो

पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं. पेट्रोल आणि हवा दाबली की स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, तोवर पेट्रोलने आपणहून पेटायचं नसतं. ते पेटायला जितका विरोध करतं, तितका त्याचा ऑक्टेन जास्त. डिझेलचं याच्या बरोबर उलट. तिथे स्पार्क प्लगच नसतो. नुसती हवा साधारण सोळा ते अठरा पट दाबली जाते, ती इतकी तापते की डिझेल फवारल्याबरोबर पेट घेतं. म्हणजे एकाला चटकन पेटणारं इंधन हवं आणि दुसऱ्याला न पेटणारं. अदलाबदल झाली की दोघंही बिथरतात.

पण डिझेलच्या गाडीत खरा घात करतं ते वंगण. आजच्या कॉमन रेल गाड्यांमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून इंधन देणाऱ्या गाड्यांमध्ये, इंधन १,६०० ते २,००० बार दाबाने इंजेक्टरपर्यंत ढकललं जातं. तुमच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बारच्या आसपास, त्यावरून अंदाज करा. हा दाब तयार करणाऱ्या पंपाला बहुतेक गाड्यांत वेगळं ऑइल नसतं, त्यातून वाहणारं डिझेलच त्याचं वंगण. डिझेल बोटांवर घेऊन चोळा, तेलकट लागतं. पेट्रोल घ्या, बोट कोरडं पडतं. असं कोरडं पेट्रोल पंपात गेलं की धातूवर धातू घासतो, बारीक चुरा निघतो आणि तो चुरा रेलमधून थेट इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत जाऊन बसतो. मग एक पार्ट बदलून भागत नाही, अख्खी सिस्टिम बदलावी लागते.

१. किल्ली काढा. अर्धीही फिरवू नका

"स्टार्ट नाही करत, फक्त काच खाली घेतो" म्हणून किल्ली फिरवणारे खूप आहेत. बऱ्याच गाड्यांत इग्निशन ऑन झालं की टाकीतला छोटा इलेक्ट्रिक पंप लगेच इंधन पुढे ढकलायला लागतो. काही सेकंदांतच टाकीतलं पेट्रोल लाइनमध्ये आणि फिल्टरमध्ये पोहोचतं.

पुश-बटण गाडी असेल तर किल्ली गाडीपासून लांब, दुसऱ्या माणसाच्या खिशात द्या. घाईत सवयीने बोट बटणावर जातं. माझी जाऊबाई असंच "एसी लावते" म्हणत हात पुढे करत होती.

भरणं अजून चालू असेल तर ओरडून थांबवा. संकोच करू नका, मागची गाडी हॉर्न वाजवेल तर वाजवू दे.

२. गाडी ढकलून बाजूला घ्या

पंपवाल्याकडून तुम्ही पहिल्यांदा जे ऐकाल ते असं: "जरा पुढे घ्या ना, लाइन लागलीय." इथेच लोक चुकतात. भिडेपोटी गाडी सुरू करतात, दहा मीटर पुढे घेतात आणि बंद करतात. दहा मीटर असो नाही तर दहा किलोमीटर, इंजिन सुरू झालं म्हणजे झालं.

मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक सोडा, पंपावरच्या दोघा-तिघांना धक्का मारायला सांगा. चूक त्यांची असेल तर ते मुकाट मारतात. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, तेव्हा आत बसणाऱ्याने ताकद लावायची तयारी ठेवावी. आणि एक: किल्ली पूर्ण काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. त्यामुळे आधी चाकं सरळ आहेत का ते बघा आणि सरळ रेषेतच ढकला.

ऑटोमॅटिक गाडी इग्निशनशिवाय पार्कमधून निघत नाही. गिअरच्या दांडीजवळ एक छोटं झाकण असतं, त्याखाली शिफ्ट लॉक सोडायची सोय असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा. सापडली नाही तर गाडी आहे तिथेच राहू द्या आणि पंपवाल्याला ती लाइन बंद करायला सांगा. टोइंगलाही ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढायची नाही, फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रकच मागवायचा.

३. लगेच पुरावा गोळा करा

राग शांत व्हायच्या आत हे करा, कारण अर्ध्या तासाने पंपावरची शिफ्ट बदलते आणि "आम्ही तर डिझेलच टाकलं" सुरू होतं. गोळा करायचं ते असं:

- बिल. छापील बिलावर पेट्रोल म्हणजे एमएस आणि डिझेल म्हणजे एचएसडी असं लिहिलेलं असतं. बिल मागितल्याशिवाय सहसा देत नाहीत. मागा.
- यूपीआयने पैसे दिले असतील तर वेळेसकट स्क्रीनशॉट.
- मशीनचा नंबर, नोझलचा नंबर, मीटरवरचे लिटर आणि दर.
- गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर. इग्निशनशिवाय दिसत नसतील तर सोडून द्या, फोटोपायी इग्निशन लावू नका.
- आरसीची प्रत. त्यावर इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो, डिजिलॉकरमधली चालते.
- पंपाच्या तक्रार वहीत लिहिलेली नोंद आणि तिचा फोटो.
- मॅनेजरची सही-शिक्क्याची दोन ओळींची कबुली: अमुक नंबरच्या डिझेल गाडीत चुकून इतके लिटर पेट्रोल भरलं गेलं.

फोटो काढायला मोबाइल लागतो आणि मशीनजवळ मोबाइल वापरू नये अशी पाटी असते. दोन पावलं मागे येऊन काढा. (त्याच पाटीखाली क्यूआर कोड चिकटवलेला असतो, ही गंमत वेगळी.)

सीसीटीव्हीचं फुटेज राखून ठेवा असं तक्रार वहीतच लिहा. नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही, जुनं फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

आमच्या वेळी मॅनेजर भला होता, कबुली लिहून दिली. तुम्हाला तसा भेटेल असं धरून चालू नका. सही देत नसतील तर "सही देण्यास नकार" असं तक्रार वहीत तुम्हीच लिहा.

४. "काही होत नाही" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

दहा मिनिटांत आमच्याभोवती सात-आठ जाणकार जमले. त्यांचे सल्ले, आणि ते का चुकीचे:

"वरून डिझेल फुल करा, पातळ होऊन जाईल." ट्रकवाले, जुने जीपवाले हेच सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांनी हे खरोखर सोसलंय. युरोपात तर कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून थोडं पेट्रोल मिसळायला काही जुन्या गाड्यांची मॅन्युअलंच परवानगी द्यायची. बाबाही म्हणाले, "आम्ही घाटात थंडीचं रॉकेल टाकायचो की." त्यांच्या ट्रकला कॉमन रेल नव्हती, हे त्यांना पटवायला गॅरेजपर्यंतचा अख्खा रस्ता गेला. तुमची गाडी गेल्या पंधरा-वीस वर्षांतली असेल तर ती जुनी शहाणपणं तिला लागू नाहीत.

"पेट्रोल हलकं, वर तरंगेल. खालचं डिझेल आधी जाईल." पेट्रोल हलकं आहे हे खरं. पण ते तेल-पाण्यासारखं वेगळं राहत नाही, डिझेलमध्ये पूर्ण मिसळतं. टाकीत थर बसत नाहीत.

"टू-टी ऑइल टाका थोडं." म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल. वंगण येईल ही कल्पना. अकरा लिटर पेट्रोलला एक पुडी ऑइल पुरत नाही, आणि बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाडीच्या धुराड्यातला फिल्टर त्याने चोंदू शकतो.

"नळी लावा, तोंडाने ओढून काढतो." हे मात्र हात धरून थांबवा. पेट्रोल घशात गेलं आणि ठसक्याने फुफ्फुसात उतरलं तर माणूस थेट दवाखान्यात जातो. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत टाकीच्या तोंडाशी जाळी असते, नळी आत जातच नाही.

५. टाकी कोण आणि कशी रिकामी करणार

हे घरी करायचं काम नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, डिझेलला त्यासाठी बरंच तापावं लागतं. दोन्हींचं मिश्रण झालं की ते वागतं पेट्रोलसारखंच. प्लास्टिकच्या बादलीत ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, वाफेला पेटायला तेवढं पुरतं.

तुमच्या विम्यात किंवा गाडीच्या कंपनीकडून रोडसाइड असिस्टन्स असेल तर तिथे फोन करा. फोनवर "गाडी बंद पडलीय" म्हणू नका, "चुकीचं इंधन पडलंय, इंजिन सुरू केलेलं नाही" असं स्पष्ट सांगा. त्यांनी पाठवलेला माणूस आल्या आल्या "बघू" म्हणून सेल्फ मारून बघतो, ही मी ऐकलेली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

गॅरेजमध्ये काम क्रमाने असं होतं. मागची सीट उचलून टाकीचं झाकण उघडतात किंवा टाकीच खाली उतरवतात. इंधन पंपाने ओढून काढतात. मग टाकीत चार-पाच लिटर स्वच्छ डिझेल टाकून खळबळवतात आणि तेही काढतात. डिझेल फिल्टर बदलतात. लाइनमधली हवा काढतात. मग भरपूर डिझेल भरून गाडी सुरू करतात. गाडी थोडा वेळ खोकते, मग ताळ्यावर येते.

जॉब कार्डवर कारण लिहून घ्या: "डिझेल टाकीत पेट्रोल, इंजिन सुरू केले नव्हते." नुसतं "टाकी सफाई" लिहिलं तर भरपाई मागताना तो कागद कामाला येत नाही.

काढलेलं मिश्रण घरी आणू नका. "जनरेटरला चालेल", "शेकोटी पेटवायला होईल" असं म्हणत ते कॅन घराच्या जिन्याखाली जातं, आणि मग कुणीतरी डिझेल समजून काडी लावतं. गॅरेजवाल्यालाच त्याची विल्हेवाट लावू द्या. गटारात तर ओतूच नये.

६. इंजिन सुरू झालं असेल तर

सगळ्यांनाच वेळेत वास येत नाही. डिझेलच्या गाडीत पेट्रोल असेल तर आधी एक-दोन किलोमीटर ती नीट चालते, कारण लाइनमध्ये जुनं डिझेल असतं. मग इंजिनातून खडखड आवाज वाढतो, पिकअप जातो, इंजिनाचा दिवा लागतो, आणि गाडी बंद पडली की पुन्हा सुरू होत नाही.

पंपावरून निघाल्यानंतर थोड्याच वेळात असं काही झालं तर पुढचं गॅरेज गाठायचा प्रयत्न करू नका. गाडी डाव्या कडेला घ्या, बंद करा, त्रिकोण लावा. एक्स्प्रेसवेवर असाल तर माणसांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा.

अशा वेळी नुसती टाकी साफ करून भागत नाही. मेकॅनिकला दोन गोष्टी करायला सांगा. काढलेल्या जुन्या फिल्टरमध्ये आणि पंपाच्या तोंडाशी चकचकीत धातूचा चुरा दिसतो का ते तुमच्यासमोर बघायचं, पांढऱ्या कापडावर तो चटकन कळतो. आणि इंजेक्टरची रिटर्न लीक टेस्ट, म्हणजे इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते मोजायचं. चुरा नसेल तर नशीब समजा. चुरा असताना फक्त पंप बदलणारा मेकॅनिक तुमचे पैसे दोनदा घालवतो, कारण रेलमध्ये राहिलेला चुरा नवा इंजेक्टरही खातो.

७. पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडलं तर

हे तुलनेने कमी महाग, पण त्रासदायक. गाडी पांढरट धूर सोडते, झटके देते, बंद पडते. डिझेल पूर्ण जळत नाही, प्लग काळे तेलकट होतात, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून इथे टाकी आणि लाइन साफ केल्यावर प्लग बदलायचे आणि इंजिन ऑइल बदलायचं, हे दुसरं लोक विसरतात. ऑइलची काडी ओढून बघा, ऑइल वाढलेलं आणि पातळ दिसलं तर ते डिझेलच.

पायरी १ इथेही तीच. कार्बोरेटरच्या जुन्या बाइकचं काम सोपं: टाकी, कॉक आणि फ्लोट बाउल रिकामा करायचा, प्लग पुसायचा, तासाभरात निघायचं.

८. निळं झाकण

बीएस-६ आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर, बऱ्याच डिझेल गाड्यांना इंधनाच्या तोंडाशेजारी किंवा बॉनेटमध्ये एक निळं झाकण असतं. ते डीईएफचं, म्हणजे पाण्यात ३२.५ टक्के युरिया विरघळवलेल्या द्रावणाचं. ते धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला असतं, जाळायला नाही. लोक त्याला "युरिया" म्हणतात.

हे द्रावण डिझेलच्या टाकीत गेलं तर पेट्रोलपेक्षाही वाईट. पाणी असल्यामुळे ते तळाशी बसतं, गंज आणतं, आणि वाळलं की खड्यासारखे स्फटिक होतात. उलट, डिझेल डीईएफच्या टाकीत गेलं तर तिथला पंप आणि सेन्सर जातात. दोन्ही वेळा नियम तोच: इग्निशन नाही. डीईएफ शक्यतो पंपावरच्या मुलाला भरायला देऊ नका, डबा घेऊन स्वतः भरा.

९. पैसे परत मिळवणं

आधी हे डोक्यातून काढा की विमा देईल. साध्या पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड आणि मागाहून होणारं नुकसान वगळलेलं असतं. "इंजिन प्रोटेक्ट" घेतलंय म्हणून निश्चिंत असाल तर त्याची कलमं वाचा, त्याचा मुख्य भर पाणी शिरण्यावर आणि ऑइल गळण्यावर असतो. चुकीच्या इंधनाचा उल्लेख आहे की नाही ते शब्दशः बघा. कंपनीची वॉरंटीही चुकीच्या इंधनाने झालेलं नुकसान धरत नाही.

चूक पंपाची असेल तर आधी पंपाकडे लेखी मागणी करा. प्रत्येक पंपावर त्या तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर लिहिलेला फलक असतो, त्याचा फोटो घ्या आणि तक्रार तिथेही पाठवा. पंपचालक सगळ्यात जास्त बिचकतो तो याच फोनला. तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येते, आणि तुम्ही मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही.

"फुल करा" एवढंच म्हटलं आणि "डिझेल" म्हटलंच नाही, तर पंपवाला तेच पकडतो. मलाही पकडलं. शेवटी टोइंग आणि सफाईचा खर्च पंपाने दिला, भरलेल्या पेट्रोलचे पैसे आम्ही सोडून दिले. लग्न चुकलं ते चुकलंच.

१०. मुद्दाम वेगळं इंधन वापरायचंय?

कोकणातल्या मासेमारीच्या होड्यांची बाहेरची यंत्रं पेट्रोलवर सुरू होतात आणि मग रॉकेलवर चालतात. काही शेतीपंपही तसेच. ती त्यासाठीच बनवलेली आहेत. तुमची कार नाही.

खाद्यतेलावर डिझेल इंजिन चालतं हे खरं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण कच्चं तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असतं, इंजेक्टरच्या टोकाशी त्याचा कोळसा साचतो. तेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात ते बायोडिझेल, ही वेगळी चीज. बायोडिझेलसाठी मोगली एरंड (जट्रोफा) लावायची लाट आली तेव्हा आपल्याकडे अनेकांनी बांधावर झाडं लावली, घाण्यावरून काढलेलं तेल थेट गाडीत ओतायचा मोह तेव्हाही होता. करू नका.

लडाखला डिझेल गाडी नेणाऱ्यांना "रॉकेल मिसळा" हा सल्ला हमखास मिळतो. रॉकेलमध्ये वंगण कमी, तेव्हा पंपाचं तेच रडगाणं. तिथे नोव्हेंबर २०१९ पासून इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल आलंय, ते उणे ३३ अंशांपर्यंत गोठत नाही. तिथे पोहोचताना टाकी जवळजवळ रिकामी ठेवा आणि ते भरा.

आणि पेट्रोलवाल्यांनो, तुम्ही वेगळं इंधन वापरताच आहात. २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. ई-१० साठी, म्हणजे १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आहे. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर सर्व्हिसिंगला इंधनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट बघायला सांगा. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून पावसाळ्यात महिनोन्महिने उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका. काही पंपांवर मार्च २०२४ पासून "इथेनॉल १००" सुद्धा विकायला आहे. ते फक्त फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल-इथेनॉलच्या वेगवेगळ्या मिश्रणांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी, स्वस्त दिसलं म्हणून भुलू नका.

११. इंधन बरोबर, पण भेसळीचं

पेट्रोलची शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. नोझलचं तोंड पुसून पेपरवर एक थेंब टाका. दोन मिनिटांत डाग न राहता उडून गेला तर ठीक, डाग राहिला तर शंका घ्या. ही चाचणी पेट्रोलची, डिझेलला चालत नाही. डिझेलसाठी घनता तपासायला सांगा. फलकावर लिहिलेल्या घनतेपेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून जास्त फरक नको. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो.

भेसळीचा धंदा किती निर्ढावलेला असू शकतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीत भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं होतं. म्हणून पंपावर हुज्जत घालू नका. चाचणी मागा, फोटो घ्या, तक्रार लिहा, निघा.

१२. पुन्हा असं होऊ नये म्हणून

"झिरो बघा" म्हटलं की आपण सगळे आज्ञाधारकपणे झिरो बघतो आणि नोझलकडे बघतच नाही. झिरोच्या शेजारी दर असतो, तो बघा. महाराष्ट्रात पेट्रोल डिझेलपेक्षा लिटरमागे दहा रुपयांहून जास्त महाग आहे, तेव्हा चुकीचा दर लगेच डोळ्यांत खुपतो.

नोझलच्या जाडीवर किंवा रंगावर जाऊ नका. पेट्रोलचं नोझल डिझेलच्या तोंडात सहज जातं आणि रंग पंपागणिक बदलतात.

"पॉवर टाका", "स्पीड टाका" असं म्हणू नका. ती महागड्या पेट्रोलची नावं आहेत. एक्सपी ९५ पण पेट्रोल. टर्बोजेट आणि एक्स्ट्राग्रीन ही डिझेलची. तुम्ही "जरा चांगलं टाका" या अर्थाने बोलता, मुलगा नावाप्रमाणे भरतो.

एकाच नावाच्या गाड्या दोन्ही इंधनांत येतात. क्रेटा, सेल्टोस घ्या. इनोव्हा क्रिस्टा डिझेलवर आणि हायक्रॉस पेट्रोलवर, आणि पंपावरच्या मुलाच्या डोक्यात इनोव्हा म्हणजे डिझेल हे पक्कं बसलेलं. भाड्याची गाडी, मित्राची गाडी, नुकतीच घेतलेली सेकंडहँड गाडी घेऊन निघताना आधी आरसी किंवा झाकणाच्या आतलं लेबल बघा. सवयीच्या नसलेल्या गाडीत चूक सहज होते.

गॅरेजवाल्याने आमच्या झाकणावर पिवळ्या रेडियमचं "फक्त डिझेल" लावून दिलंय. तरीही मी खाली उतरते, नोझल आत जायच्या आधी मुलाला मोठ्याने विचारते, "काय टाकताय?" आणि त्याने "डिझेल" म्हटल्याशिवाय झाकण उघडत नाही. बाबा आतूनच काच खाली करून वास घेतात.